एका न पुरलेल्या देहामागून: पीसा ते पार्मा

29 ऑक्टोबर, पीसा

कलत्या मनोऱ्यापाशी फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली होती. भाची तोरिनोहून सकाळच्या गाडीने आली होती. ती म्हणाली, "मामा, मनोरा कुठे पळून जात नाही. आधी तू ज्यासाठी आलायस ते बघू."

हा सगळा प्रवास व्हायोलिनवादक पागानिनीच्या मागावरचा, मेल्यावर वर्षानुवर्षं ज्याच्या देहाला पवित्र मातीत जागा मिळाली नाही त्याच्या. पण पीसात मी आलो होतो काम्पोसांतोसाठी. मनोऱ्याच्या त्याच हिरवळीला उत्तरेकडून पांढऱ्या संगमरवराची लांबलचक भिंत आहे, तिच्यामागे ही जुनी दफनभूमी. 1277 मध्ये बांधायला घेतलेली. येशूला जिथे क्रुसावर दिलं त्या टेकडीची माती गलबतांत भरून आणली आणि इथे पसरली, अशी आख्यायिका पीसाचे लोक सांगतात. आत गेलं की मधोमध हिरवं अंगण आणि चहूबाजूंनी कमानींची ओवरी. पायाखाली थडग्यांच्या फरशा. त्यांच्यावरची अक्षरं पावलांनी इतकी झिजलीयत की बोट फिरवल्याशिवाय लागत नाहीत.

इथल्या भिंतीवर 'मृत्यूचा विजय' हे चित्र आहे. साधारण 15 मीटर लांब. 1330 च्या दशकात बुओनामिको बुफ्फाल्माको याने ओल्या चुन्यावर रंगवलेलं. 1839 च्या सुरुवातीला हंगेरियन पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट पीसामध्ये होता, तेव्हा ते ओर्कान्या या दुसऱ्याच चित्रकाराचं समजत. लिस्ट तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. ह्याच चित्राने त्याच्या डोक्यात पियानो आणि ऑर्केस्ट्राच्या एका रचनेचं बी पडलं. तिचं नाव 'टोटेनटान्झ', मृत्यूचं नृत्य. मी व्हायोलिन वाजवतो, तेही आपल्या पद्धतीने, मांडी घालून, शंखाकडची बाजू पावलावर टेकवून. पियानो मला येत नाही. पण ही रचना कॉलेजात असताना एका कॅसेटवर ऐकली होती आणि तेव्हापासून ती कुठून आली ते बघायचं मनात होतं.

चित्रासमोर तासभर उभा राहिलो. डावीकडे घोड्यांवरून शिकारीला निघालेली श्रीमंत मंडळी. वाटेत अचानक तीन उघड्या शवपेट्या. एकातलं प्रेत नुकतंच फुगलेलं, दुसरं कुजत आलेलं, तिसऱ्याचा नुसता सापळा. एका स्वाराने नाक दाबलंय. एका घोड्याने मान लांब करून पेटीकडे रोखून पाहिलंय. त्या घोड्याच्या ताणलेल्या मानेत जी भीती आहे ती एकाही माणसाच्या चेहऱ्यावर नाही. मध्ये लुळे-पांगळे भिकारी हात पसरून उभे आहेत. त्यांच्या बाजूला लिहिलेल्या ओळी भाचीने वाचून दाखवल्या: सुदिनांनी आम्हाला सोडलं, हे मृत्यो, प्रत्येक दुःखावरच्या औषधा, ये आणि आम्हाला आता शेवटचं जेवण वाढ. मृत्यू त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. ती (इटालियनमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी) वटवाघळाच्या पंखांची, मोकळ्या केसांची म्हातारी आहे, हातात कोयता, आणि तिचं उड्डाण उजवीकडच्या बागेच्या दिशेने चाललंय. बागेत तरुण मुलंमुली झाडांखाली बसलीयत. एकजण तंतुवाद्य छेडतेय. दुसऱ्याच्या हातात गज आहे, व्हायोलिनच्या पूर्वजाचा. त्यांना काहीच चाहूल नाही.

मला त्या गजावरून नजर हलवता येईना. वादक वाजवतोय आणि कोयता त्याच्याकडेच निघालाय.

हे चित्र जवळजवळ गेलंच होतं. 27 जुलै 1944 ला लढाईत इथे तोफगोळा पडला, छपराला आग लागली आणि छपराचं शिसं वितळून भिंतींवरून ओघळलं. वाचलेले थर भिंतींपासून सोडवून कापडावर घेतले, दशकानुदशकं दुरुस्त केले. 'मृत्यूचा विजय' आपल्या जागी परतला तो 2018 मध्ये.

रात्री खोलीवर एक-एक हेडफोन कानात घालून आम्ही 'टोटेनटान्झ' ऐकलं. सुरुवातच अशी की पियानोच्या अगदी खालच्या पट्ट्या घण मारल्यासारख्या आपटतात, खाली नगारे, आणि त्यावर जाड आवाजात एक धून येते. ही धून लिस्टची नाही. 'दीएस इरे', कोपाचा दिवस. मध्ययुगात चर्चमध्ये मृतांसाठीच्या प्रार्थनेत म्हटलं जाणारं पद. भाचीला म्हटलं, आपल्या स्वरांत म्हणून बघ: ग रे ग सा, रे नी सा सा. गंधार-निषाद कोमल, नी खालचा. तिने गुणगुणून पाहिलं. म्हणाली, "ह्यात घाबरण्यासारखं काय आहे? काफीसारखं तर वाटतंय."

खरंच आहे. स्वर काफीचेच. भीती स्वरांत नाहीच. सहाशे वर्षं ज्या-ज्या घरात कोणी गेलं तिथे ही धून म्हटली गेली, ती भीती तिला चिकटून आलीय. लिस्टने ती उचलली तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या घरातलं एक प्रेत आठवलं असणार.

30 ऑक्टोबर, पीसा ते जेनोआ

सकाळी समोरच्या सिनोपिया संग्रहालयात तासभर. आगीनंतर चित्रांचे थर काढले तेव्हा त्यांच्याखाली तांबड्या मातीने काढलेली मूळ रेखाटनं सापडली, ती इथे ठेवलीयत. रंगापेक्षा इथे हात जास्त दिसतो. कुठे रेघ सुरू झाली, कुठे बदलली.

दुपारची गाडी. ला स्पेत्सियानंतर बोगद्यामागून बोगदे, मध्येच दोन सेकंद समुद्र, पुन्हा काळोख. वाटेत भाचीला लिस्टबद्दल आणखी एक सांगितलं. 'टोटेनटान्झ' त्याने वीस वर्षं घासलं, 1849 मध्ये पूर्ण केलं, मग दोनदा पुन्हा हात फिरवला. ते पहिल्यांदा वाजलं 15 एप्रिल 1865 ला, द हेग इथे, त्याचा जावई हान्स फॉन ब्यूलोच्या हातून. आणि दहाच दिवसांनी, 25 एप्रिलला, लिस्टने रोममध्ये पाद्री होण्याच्या वाटेवरचा पहिला विधी करून घेतला. लोकांना वाटलं हे ढोंग. मला नाही वाटत. ज्याने मेफिस्टो या सैतानावर वॉल्ट्झ लिहिले, त्यानेच येशूवर ऑरेटोरियो, म्हणजे गायकवृंदासाठीची मोठी धार्मिक रचना, लिहिला. त्याच्या मनात दोन्ही एकाच वेळी खरे होते.

"आपल्याकडे नाही का," भाची म्हणाली, "स्मशानात बसलेला देव."

31 ऑक्टोबर, जेनोआ

आज खरी यात्रा. गारिबाल्दी रस्त्यावरच्या तुर्सी प्रासादात, जिथे शहराची महापालिकाही आहे, एका खोलीत निकोलो पागानिनीचं व्हायोलिन आहे. 1743 मध्ये क्रेमोनाच्या ग्वार्नेरी देल जेझू याने केलेलं. पागानिनी त्याला आपली 'तोफ' म्हणायचा, तेच नाव आजही आहे: इल कान्नोने.

काचेच्या कपाटात, मंद उजेडात, उभं. काच आणि नाक यांत एक वीतभर अंतर ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. रखवालदारीण दोनदा चक्कर मारून गेली. वॉर्निश तांबूस, पण तारांच्या खालच्या टोकाशी, हनुवटी टेकायची तिथे, पार उडालेलं. तेव्हा हनुवटीची पट्टी रुळलेली नव्हती. तिथे त्याची दाढी, त्याचा घाम, त्याचा जबडा लागलेला. त्याच्याबद्दलच्या सैतानाच्या सगळ्या गोष्टी ऐकून इथे आलो, आणि जे दिसलं ते एका माणसाच्या घामाने झिजलेलं लाकूड. माझ्या स्वतःच्या व्हायोलिनवर छातीशी टेकणारा भाग असाच फिका पडलाय.

पागानिनी इथलाच. 27 ऑक्टोबर 1782 ला जन्मला. जन्माचं घर 1971 मध्ये पाडलं गेलं. वडील मुलाकडून निर्दयपणे रियाज करून घ्यायचे. मोठा झाल्यावर त्याने जे वाजवलं ते तोवर कोणी ऐकलं नव्हतं. डाव्या हाताच्या बोटांनी तार छेडत असतानाच उजव्या हाताने गज. एकाच तारेवर अख्खी रचना. तारेला नुसता स्पर्श करून काढलेले शिट्टीसारखे स्वर. 24 काप्रिच्चो, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीच्या छोट्या अवघड रचना, त्याने 1820 मध्ये छापले आणि अर्पण केले 'कलावंतांना'. 'चेटकिणी' नावाची रचना 1813 मध्ये मिलानला वाजवली. 1828 मध्ये व्हिएन्नात एका श्रोत्याने शपथेवर सांगितलं की वाजवताना त्याच्या कोपराशी सैतान उभा होता आणि गज तोच ओढत होता. त्याने प्रेयसीचा खून केला, तिच्या आतड्याची तार केली, तुरुंगात एका तारेवर रियाज केला, असल्या वदंता तर गावोगावी. शेवटी आपण माणसाच्याच पोटी आलो हे पटवण्यासाठी त्याला आईचं पत्र छापावं लागलं.

एखाद्या माणसाला आईचं पत्र छापावं लागतं, हे मला वाचताना नेहमी टोचतं.

अंगकाठी त्याच्या विरोधात होती. काळे कपडे, हाडकुळा देह, खांद्यावर केस. आजारावर तेव्हा पारा देत. 1828 मध्येच प्राग इथे जबड्याच्या दुखण्याने खालचे दात काढले, गाल आत गेले. बेन्नाती नावाच्या डॉक्टरने 1831 मध्ये त्याचा हात तपासून लिहिलं की सांधे विलक्षण लवचीक आहेत. म्हणजे खुलासा तेव्हाच उपलब्ध होता. लोकांना तो नको होता.

दुपारी बंदराजवळ फोकाच्या, इथला चपटा पाव, खात बसलो होतो तेव्हा भाचीने विचारलं, "आपल्याकडे कोणी असं वाजवलं तर म्हणतात सरस्वतीचा वरदहस्त आहे, बोटांत देव आहे. इथे सैतानच का?"

ह्यावर मी पुष्कळ विचार केलाय. घरी एकदा एक प्रयोग केला होता. फ्रेंच संगीतकार सँ-साँस याने 1874 मध्ये 'दाँस माकाब्र' लिहिलं. त्यात मृत्यू मध्यरात्री थडग्यावर बसून व्हायोलिन जुळवतो आणि सापळे नाचतात. सापळ्यांच्या हाडांसाठी झायलोफोन. व्हायोलिनची सर्वांत पातळ तार त्याने अर्धा स्वर उतरवायला सांगितलीय. मी खुंटी तेवढीच मागे फिरवली. लाकूड करकरलं, तार सैलावली, आणि शेजारच्या तारेबरोबर गज ओढला. सा आणि पंचम यांच्याऐवजी सा आणि तीव्र मध्यम. युरोपात ह्या जोडीला सैतानाचं अंतर मानत. मी डोळे मिटून ओढत राहिलो आणि मला ऐकू आला यमनाचा उंबरठा, दिवेलागणीची वेळ. तोच स्वर. आमच्या घरात तो देवापुढच्या समईशी जोडलेला, त्यांच्या घरात थडग्याशी.

म्हणून मला वाटतं, सैतान पागानिनीच्या कोपराशी नव्हता, खुर्च्यांवर बसलेल्यांच्या मनात होता. त्यांच्या धर्माने देवाला शांत आणि स्वच्छ ठेवलं होतं. जे अनावर, घाम फुटायला लावणारं, ते ठेवायला दुसरी जागाच नव्हती. भाची काही बोलली नाही, पण तिने फोकाच्याचा शेवटचा तुकडा माझ्यापुढे सरकवला.

1 नोव्हेंबर, नीस

पहाटेची गाडी, व्हेन्तिमीलियाला बदलून नीस. आज सर्व संतांचा सण, दुकानं बहुतेक बंद. नीसच्या आधी एक खोल निळी खाडी लागते, व्हिलफ्रांश. भाचीला खिडकीतून दाखवली. इथल्या जुन्या विलगीकरण-घरात पागानिनीचं प्रेत ठेवलं होतं.

जुन्या नीसमधली रु द ला प्रेफेक्त्यूर ही अरुंद गल्ली, 23 नंबरचं घर. भिंतीवर पाटी आहे. 27 मे 1840 ला तो इथे गेला. नीस तेव्हा फ्रान्सचं नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. शेवटची दोन वर्षं त्याचा आवाज पूर्ण गेला होता. मुलगा आकिल्ले त्याच्या ओठांकडे पाहून शब्द ओळखायचा आणि बाकीच्यांना सांगायचा. युरोप हलवून सोडणाऱ्या माणसाचा शेवटचा आवाज म्हणजे त्याचा पोरगा. पाद्री मरणापूर्वीच्या शेवटच्या विधीसाठी आला तेव्हा पागानिनीने त्याला परत पाठवलं. आपण एवढ्यात मरत नाही असं त्याला वाटत होतं. तो गेल्यावर नीसच्या बिशपने निकाल दिला: पवित्र मातीत जागा नाही.

आकिल्ले तेव्हा चौदा वर्षांचा होता.

समोरच्या पायरीवर बसलो. 1832 सालचा पॅरिस मला आठवत होता. त्या वसंतात कॉलरा आला आणि शहरात अठरा हजारांवर माणसं मेली. कवी हाइनने लिहून ठेवलंय की एका मुखवट्यांच्या नाचात विदूषक झालेल्या माणसाचे पाय अचानक गार पडले, मुखवटा काढला तर चेहरा जांभळानिळा. त्याच एप्रिलमध्ये पागानिनीने कॉलराग्रस्तांसाठी कार्यक्रम केला, आणि विशीतला लिस्ट तो ऐकून वेडा झाला. मग रोज चार-पाच तास नुसते बोटांचे व्यायाम. पियानोवर आपणही हेच करून दाखवायचं, असं ठरवून. त्याच्या दीड वर्ष आधी, 5 डिसेंबर 1830 ला, फ्रेंच संगीतकार बेर्लिओझच्या 'फँटास्टिक सिंफनी'त चेटकिणींच्या सभेत घंटांच्या टोल्यांवर 'दीएस इरे' वाजलं होतं, तेव्हाही लिस्ट सभागृहात होता. पुस्तकांतून हे सगळं 'रोमँटिक काळाची मृत्यूची ओढ' म्हणून येतं, जणू ती एक लहर होती, काळ्या कोटांसारखी. गाड्यांतून प्रेतं जाताना बघितलेली माणसं त्या सभागृहांत बसत होती.

मी हे आत्ता समजू शकतो. एप्रिल 2021 मध्ये माझे वडील, भाचीचे आजोबा, पुण्यातल्या एका रुग्णालयात गेले. चेहरा बघायला मिळाला नाही. प्लॅस्टिकमध्ये बांधलेला देह लांबून दाखवला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर नंबर लिहिलेली पिशवी हातात दिली, अस्थी म्हणून. भाची तेव्हा इथे अडकली होती, तिने सगळं फोनवर पाहिलं. दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. मी कबूल करत गेलो, आईची काळजी घेईन, घर विकणार नाही, व्हायोलिन सोडणार नाही. उन्हात दीड तास.

"मामा," भाची म्हणाली, "तो मुलगा काय काय कबूल करत असेल?"

आकिल्लेने अर्ज केले, खटला लढवला, पोपपर्यंत गेला. तोवर मसाले भरून टिकवलेला देह ह्या किनाऱ्यावर जागा बदलत राहिला. लोक म्हणत, रात्री पेटीतून व्हायोलिन ऐकू येतं. 1844 मध्ये जेनोआला न्यायला परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी पार्माजवळच्या गायोने इथे पागानिनीच्याच मळ्यावर. मधल्या काळात आकिल्लेने ते व्हायोलिन, वडिलांच्या इच्छेप्रमाणे, जेनोआ शहराच्या हवाली केलं, 1851 मध्ये. विकलं असतं तर केवढे पैसे आले असते.

रात्री उशिरा जेनोआला परत. गाडीत दोघंही गप्प होतो.

2 नोव्हेंबर, पार्मा

आज इटलीत मृतांचा दिवस. हे ठरवून केलं होतं. गाडीत मी भाचीला रशियन संगीतकार राखमानिनॉव्हची 1934 सालची रचना ऐकवली, पागानिनीच्या चोविसाव्या काप्रिच्चोवर 24 रूपं. सातव्या रूपात पियानो थबकतो आणि संथ, जड पावलांनी 'दीएस इरे' येतं. ग रे ग सा. भाचीने लगेच ओळखलं आणि माझा दंड धरला. राखमानिनॉव्हने पुढे नृत्यनाट्यासाठी लिहून पाठवलं होतं की ह्या रचनेत पागानिनीने सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट घ्यावी, 'दीएस इरे' म्हणजे तो दुष्टात्मा. मरणानंतर शंभर वर्षं होत आली तरी गोष्टीने पाठ सोडली नव्हती. संगीत म्हणून ही रचना मला फार प्रिय आहे. पण काल नीसच्या पायरीवर बसल्यानंतर आज ती ऐकताना त्या मुलाकडून कोणीतरी काहीतरी हिसकावून घेतंय असं वाटत राहिलं.

पार्माच्या व्हिलेत्ता दफनभूमीबाहेर फुलांचे ढीग होते. पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या शेवंतीचे. भाची म्हणाली, इथे शेवंती कोणाच्या घरी भेट म्हणून न्यायची नाही, ती फक्त मेलेल्यांची. मी वास घेतला. आठ-दहा दिवसांपूर्वी दिवाळीत दाराला लावलेल्या तोरणाचा वास.

आत जत्रेसारखी गर्दी, पण आवाज खाली. माणसं बादल्यांत पाणी आणून थडगी पुसत होती. एक आजी दगडावरच्या फोटोला रुमालाने चष्मा पुसावा तशी पुसत होती. पागानिनीचं थडगं शोधावं लागत नाही. खांबांवर उभी छत्री, खाली त्याचा अर्धपुतळा. 1853 मध्ये देह मळ्यावरून गायोनेच्या दफनभूमीत गेला, 1876 मध्ये इथे आला. मरणानंतर छत्तीस वर्षांनी. तेव्हा आकिल्ले पन्नाशीचा होता. त्यानंतरही शांतता नाही. 1893 मध्ये ओंद्रिचेक नावाच्या चेक व्हायोलिनवादकाने पागानिनीच्या नातवाला विनवून पेटी उघडायला लावली, चेहरा पाहिला. 1896 मध्ये पुन्हा जागा बदलली. शेवटची.

चेहरा पाहिला. आधी वाचलं होतं तेव्हा मला ते बीभत्स वाटलं होतं. आज त्या छत्रीखाली उभा राहून ओंद्रिचेकचा राग येईना. मलाही एक चेहरा पाहायचा राहिलाय.

शेवंतीचा एक पिवळा गुच्छ आम्ही घेतला होता. पायरीवर आधीच दोन-तीन होते, कोणी ठेवले माहीत नाही. भाचीने आपला त्यांच्या शेजारी ठेवला, मग त्यातलं एक फूल काढून माझ्या हातात दिलं. "आजोबांसाठी," म्हणाली. तिथेच बाजूच्या नळावर मी ते भिजवलं, रुमालात गुंडाळलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मुळा-मुठेपर्यंत टिकेल की नाही माहीत नाही. गाडीला अजून दीड तास होता. आम्ही बाकावर बसून राहिलो.